टाइलला पाच स्टार, पाण्याला दोन

गेल्या आठवड्यात घरामागे स्विमिंग पूल बांधून देणाऱ्या कंपनीच्या सुपरवायझरचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आला: ‘मॅडम, पाच स्टारचा रिव्ह्यू टाका ना, पुढच्या वर्षीच्या मेंटेनन्सवर दहा टक्के सूट देतो.’ खाली हात जोडलेले दोन इमोजी. छत्तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं मी. पालक पेढ्यांचा पुडा घेऊन आले तरी कुणाचा अर्धा मार्क वाढवला नाही, तर दहा टक्क्यांत काय वाढवणार! रिव्ह्यू मात्र लिहिते. कंपनीचं नाव घालत नाही. एक तर माणसं वाईट नव्हती. दुसरं म्हणजे, पूल बांधलेल्या आणखी दोन घरी चौकशी केली, तेव्हा कळलं की कंपन्या वेगळ्या, रडगाणं तेच. तेव्हा ज्यांच्या घरामागे खड्डा खणून झालाय आणि ‘आता काय, टाइल लावली की पाणी भरायचं’ असं ज्यांना रोज ऐकवलं जातंय, त्यांच्यासाठी हे.

आमचं घर गोराईत. सासऱ्यांनी घेतलेली वाडी, चौदा नारळ, एक विहीर. पत्ता मुंबईचा, पण गाडीरस्ता भाईंदर-उत्तनवरून. आपण स्वतः बोरिवलीच्या जेट्टीवरून फेरीबोटीने थोड्या वेळात येतो-जातो. सिमेंटची गोणी, टाइलचा खोका आणि पाण्याचा टँकर मात्र अख्खा वळसा घालून येतात, आणि त्या वळशाचे पैसे प्रत्येक बिलात दिसतात. २०२३ मध्ये यांचे दोन्ही गुडघे बदलले. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, पाण्यात चालवा. मग आठवड्यातून तीनदा बोरिवलीला जाऊन पाण्यात चालायचं आणि परत येताना बोटीत चढता-उतरताना सगळी कमाई घालवायची, असं दीड महिना केलं. शेवटी फंडातले पैसे काढले आणि घरामागेच पूल बांधायचं ठरवलं. परवानग्यांचं आर्किटेक्टने पाहिलं, ती वेगळीच कादंबरी आहे. गावात कळल्यावर पहिला प्रश्न आला, ‘शेजारी वॉटर किंगडमसारखा वॉटर पार्क असताना घरात कशाला?’

पूल चोवीस फूट लांब, बारा फूट रुंद, एका टोकाला साडेतीन आणि दुसऱ्या टोकाला साडेचार फूट खोल. सरासरी चार धरा. म्हणजे १,१५२ घनफूट, म्हणजे साधारण ३२,६०० लिटर. हा आकडा पूल बांधणाऱ्याने तोंडपाठ करावा, कारण पुढचं प्रत्येक औषध त्याच्यावरच ठरतं. आमच्या सुपरवायझरला तो शेवटपर्यंत पाठ झाला नाही. कधी ‘तीस हजार’ म्हणायचा, कधी ‘चाळीस पकडा’, आणि डोस त्याच पकडापकडीत टाकायचा.

२०२४ च्या दिवाळीनंतर खोदकाम सुरू झालं. आरसीसी जानेवारीत उरकलं. कोपऱ्यांत वाटा मारून, म्हणजे काटकोन गोलसर भरून घेतला, वर वॉटरप्रूफिंगचे हात दिले. इथवर तक्रार नाही. फेब्रुवारीत मी म्हटलं, आता टाइल लावण्याआधी सात दिवस पाणी भरून ठेवा. सुपरवायझर म्हणाला, “कशाला मॅडम, कोटिंग दहा वर्षं वॉरंटीचं आहे. कार्ड देतो ना मी. टेस्ट करत बसलो तर पाडवा हुकेल.” पाडवा ३० मार्चला होता आणि पाडव्याला पूल हातात देणार, हे त्याने आपणहून यांना सांगितलं होतं.

तेव्हा मध्ये बोलला तो टाइलचा मिस्त्री. टाइल लावायला अजून महिना होता, हा नुसता माप घ्यायला आलेला. उकिडवा बसून भिंतीवर हात फिरवत म्हणाला, “मॅडम, टाइल पानी नहीं रोकती. पानी पीछे रुकता है.” एवढं बोलून परत मापं घ्यायला लागला. त्या एका वाक्यावर मी हट्ट धरला आणि विहिरीचं पाणी सोडायला लावलं.

पाणी भरल्यावर काय करायचं, हे कोटेशनमध्ये कुठेच नव्हतं. मी केलं ते सांगते. एक बादली पूलच्याच पाण्याने भरून पहिल्या पायरीवर ठेवली, अर्धी बुडेल अशी. बादलीच्या आत पाण्याच्या रेषेवर पेन्सिलची खूण, पूलच्या भिंतीवर दुसरी. ऊन आणि वारा दोघांनाही सारखाच. म्हणजे बादलीतलं जेवढं उतरेल तेवढं उडालं, आणि पूलमधलं त्याहून जास्त उतरेल ते मुरलं. चोवीस तासांनी बादली ५ मिलिमीटर उतरली होती आणि पूल २१. फरक सोळाचा. ऐकायला काहीच वाटत नाही. पण पूलचा पृष्ठभाग पावणेसत्तावीस चौरस मीटर आहे. गुणाकार करा, दिवसाला सव्वाचारशे लिटरच्या वर जमिनीत जात होतं.

कुठून जातंय ते शोधायला मी कपाटातून पोटॅशियम परमँगनेट काढलं. निवृत्त झालं तरी दोन-चार बाटल्या सुटत नाहीत. इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये गडद द्रावण घेतलं, पायरीवर बसून पाणी अगदी निश्चल होईपर्यंत थांबले, आणि भिंतीवरच्या प्रत्येक भोकापाशी एकेक थेंब सोडत गेले. तळाच्या मेन ड्रेनपर्यंत हात पोचत नव्हता, ते काम मिस्त्रीच्या पोऱ्याने केलं. गाळलेलं पाणी जिथून परत येतं त्या रिटर्न इनलेटपाशी थेंब फुलासारखा पसरला आणि विरला. दुसरीकडेही तेच. लाइटच्या खोबणीपाशी मात्र जांभळा थेंब पसरलाच नाही. त्याची बारीक रेघ झाली, आणि ती रेघ आडवी होऊन, सुईत दोरा ओवावा तशी, वायरच्या पाइपाशेजारच्या फटीत गेली. सुपरवायझरला हाक मारून दुसरा थेंब सोडून दाखवला. तो काही बोलला नाही. त्याने फोनवर व्हिडिओ काढला. पुढे तोच व्हिडिओ त्यांनी ‘आमची लीक डिटेक्शन पद्धत’ म्हणून आपल्या स्टेटसला ठेवला होता, हे जाता जाता सांगते.

फोडून, नॉन-श्रिंक म्हणजे वाळताना न आकसणारं ग्राउट भरून, पुन्हा कोटिंग झालं. दुसऱ्या चाचणीत बादली आणि पूल दोन्ही सारखेच उतरले. पाणी नारळांना दिलं, तेव्हा त्यात औषध नव्हतं. पाणी काढल्यावर तळाला तांबूस, बोटाला लागेल असा साका दिसला. मी म्हटलं, बांधकामाची माती असेल, आणि झाडून घेतलं. माझी चूक इथे झाली. पुढे येईलच.

आता टाइल. इथे मात्र मनापासून पाच स्टार, आणि ते कंपनीला नाहीत, मिस्त्रीला आहेत.

आम्ही काचेचं मोझॅक घेतलं, फिकट निळं, २० मिलिमीटरचे तुकडे, वर कागद चिकटवलेल्या शीटमध्ये येतं ते. कागद वर, काच खाली. शीट भिंतीला लावतात तेव्हा तुम्हाला नुसता पांढरा कागद दिसतो, आत काय चाललंय ते कळत नाही. मिस्त्री खाचांच्या थापीने चिकटवणी ओढायचा, शीट टेकवायचा आणि एका लाकडी ठोकळ्याने टप-टप ठोकत जायचा. आवाज बदलला की थांबायचा. थोड्या वेळाने स्पंजने कागद भिजवायचा. कागद गडद व्हायला लागला की एका कोपऱ्याला नख लावून तिरका ओढायचा, सरळ कधी नाही. सरळ ओढला की तुकडे सोबत येतात. कागद निघाला की तो मागे सरकून डोळे बारीक करायचा, आणि चाकूच्या टोकाने एखादा तुकडा केसभर उजवीकडे ढकलायचा. मग दुसरा. एका शीटमध्ये सवादोनशे तुकडे. आणि अशा पाचशे शीट. मला वह्या तपासण्याची आठवण झाली.

तिसऱ्या दिवशी सुपरवायझरने चिकटवणीच्या ज्या गोण्या पाठवल्या त्या करड्या निघाल्या. पांढरी संपली होती, करडी स्वस्त होती, ‘मागे लागते, कोणाला दिसतेय?’ मिस्त्रीने थापी धुऊन ठेवली आणि झाडाखाली जाऊन बसला. काच पारदर्शक असते, मागे करडं लावलं की तोच निळा रंग मळका दिसतो, हे त्याने मला समजावलं नाही. त्याने एक सुटा तुकडा पांढऱ्यावर ठेवला, एक करड्यावर, आणि माझ्याकडे बघितलं. दीड दिवस काम बंद राहिलं, पांढऱ्या गोण्या आल्या. त्या दीड दिवसाची त्याची मजुरी कंपनीने कापली, ती मी दिली. ही गोष्ट कंपनीने वाचावी म्हणून लिहितेय.

टाइलच्या सांध्यांत भरायचं ग्राउट इपॉक्सीचं घ्या, सिमेंटचं नको. महाग आहे, पण ते पाणी शोषत नाही आणि क्लोरीनला दाद देत नाही. एकच की दोन डबे एकत्र कालवले की घड्याळ सुरू होतं, आणि मार्चअखेरच्या उकाड्यात ते घड्याळ धावतं. मिस्त्री आणि त्याची दोन पोरं पहाटे साडेपाचला यायची, दहाला थांबायची. टाइलवर राहिलेला चिकट थर लगेच पुसला नाही तर काच कायमची धुरकट होते. आमच्याकडे पायरीखाली हाताएवढा धुरकट पट्टा राहिलाच. तो बघायला वाकावं लागतं, तेव्हा सोडून देते.

ग्राउट वाळल्यावर मी एक रुपयाचं नाणं घेऊन सगळा पूल वाजवला. भरीव ‘टक’ आला तर ठीक, ‘टॉक’ आला तर मागे पोकळ. अकरा जागी ‘टॉक’ आला, खडूने गोल केले. मिस्त्रीने स्वतः परत वाजवून पाहिले, नऊ मान्य केले, दोनबद्दल वाद घातला, आणि त्या दोनमध्ये तो बरोबर होता. नऊ काढून पुन्हा लावले.

इथपर्यंत पाडवा उलटून गेला होता. गुढी कोरड्या पूलशेजारी उभारली. त्याचं मला दुःख नाही, उशीर अर्धा माझ्या हट्टाने झाला. खरं दुःख पाण्यापासून सुरू झालं.

कोटेशन पाच पानांचं होतं. टाइलचे दोन परिच्छेद, लाइटचा एक, कोपिंगच्या, म्हणजे काठावरच्या, दगडाचा एक. पाण्याची एकच ओळ: ‘पाणी व वीज क्लायंटकडून.’ बस. किती पाणी, कसलं पाणी, ते तपासणार कोण, पहिलं औषध कोण देणार, काही नाही. सही करताना माझ्याही नजरेतून निसटली ती ओळ. तुम्ही करत असाल तर आधी ती ओळ फोडून लिहून घ्या.

ग्राउटच्या डब्यावर सात दिवस पाणी नको असं छापलेलं होतं, ते पाळलं. ९ एप्रिलला संध्याकाळी दहिसरकडून पहिला टँकर आला, दहा हजार लिटरचा. पाइपचं तोंड गोणपाटात बांधून तळाशी ठेवायला लावलं, म्हणजे धार थेट टाइलवर बसत नाही. खोल बाजूला गुडघ्याच्या जरा वर, उथळ बाजूला नडगीपर्यंत पाणी झालं. निळं, स्वच्छ, तळाचा चौकोन न चौकोन दिसत होता. ‘उरलेले दोन सकाळी’ म्हणून टँकरवाला गेला.

१० एप्रिलपासून मुंबईतल्या खासगी टँकरवाल्यांनी बंद पुकारला. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या नियमांवरून पालिकेने विहीरमालकांना नोटिसा दिल्या होत्या, त्यावरून. टीव्हीवर सोसायट्यांमधल्या बायका रिकामे पिंप दाखवत होत्या, आणि माझ्या घरामागे दहा हजार लिटर उन्हात पडलेलं. माणशी रोज १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा मापदंड आहे. आमचा भरलेला पूल म्हणजे एका माणसाचं आठ महिन्यांचं पाणी, हा भागाकार मी त्या दिवशी पहिल्यांदा केला. आधी करायला हवा होता. यांना सांगितला तर म्हणाले, “आता गुडघे परत देता येतात का बघ.” त्या आठवड्यात आम्ही गावात पूलचा विषय काढला नाही.

स्किमर, म्हणजे वरचा कचरा ओढून घेणारं तोंड, भिंतीच्या वरच्या टोकाला असतो, तिथवर पाणी पोचल्याशिवाय कंपनी फिल्टर चालू करून देईना. म्हणजे पाणी साचलेलं, वर एप्रिलचं ऊन. तिसऱ्या दिवशी हिरवी झाक आली. सुपरवायझरला फोन केला. “अहो मॅडम, तुमच्याकडे विहीर आहे ना? तेच सोडा. पाणी ते पाणी.”

शेजारची बाई कुंपणापाशी उभी राहून म्हणाली, “टीचर, तुमच्या विहिरीच्या पाण्याने धुतलं की चादरी पिवळ्या पडतात, ठाऊक आहे ना?” ठाऊक होतं. वीस वर्षं ठाऊक होतं. फेब्रुवारीतला तांबूस साकाही मी याच डोळ्यांनी पाहिला होता. पण हिरवं पाणी बघून जीव घाबरा झालेला, आणि समोरचा माणूस रोज पूल भरणारा. सोडलं पाणी. विहीर थांबून थांबून तीन दिवसांत बावीस हजार लिटर दिलं. दिसायला नितळ.

१६ तारखेला टेक्निशियन आला, टँकरचा बंद तोवर मिटलाही होता. त्याने घमेल्यात ब्लीचिंग पावडर कालवली आणि चारी बाजूंनी फेकली. पाऊण तासात पूलचा कोरा चहा झाला.

हे मी वर्गात किती वेळा शिकवलंय! विरघळलेलं लोह रंगहीन असतं. त्याला क्लोरीन भेटला की त्याचं ऑक्सिडीकरण होतं, आणि पाण्यात तपकिरी, बारीक, गंजाचाच भाऊबंद असा साका तयार होतो. विहिरीचं एक बाटलीभर पाणी घेऊन त्यात दोन थेंब क्लोरीन टाकून बघितलं असतं, तर तीन रुपयांत कळलं असतं. कंपनीने बघितलं नाही. मीही बघितलं नाही, आणि मला तर ते शिकवायचा पगार मिळत होता.

टेक्निशियनने फिल्टर चालू केला. लोहाचा साका इतका बारीक की वाळूच्या फिल्टरमधून सुखाने पार होऊन रिटर्नच्या तोंडातून परत पूलमध्ये. दोन दिवस तो चहा गाळत होता. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, बाबा, तू थांब. लहानपणी पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की आई हंड्यात तुरटी फिरवायची आणि रात्रभर झाकून ठेवायची. पूलमध्येही तेच करतात. मिळते ती अ‍ॅल्युमिनियम सल्फेट, किराणावाल्याकडची तुरटी नव्हे, पण गुण तोच. दीड किलो विरघळवून सगळीकडे सोडली, तासभर पंपाने फिरवली आणि पंप बंद केला. सकाळी वरचं पाणी आरशासारखं आणि तळाला चॉकलेटी गालिचा, पाय लावला तर उठेल असा हलका. तो हळूहळू व्हॅक्यूमने ओढायचा, आणि फिल्टरवरच्या व्हॉल्व्हचा दांडा ‘फिल्टर’वर न ठेवता ‘वेस्ट’वर ठेवायचा, म्हणजे घाण सरळ बाहेर जाते. टेक्निशियनने पहिल्या फेरीत दांडा ‘फिल्टर’वरच ठेवला होता. असो. दोन फेऱ्यांत सहा हजार लिटर गेलं, एक टँकर नव्याने मागवला. त्याचे पैसे अर्धे-अर्धे, तेही चार फोननंतर.

तुरटीने पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, खाली आली होती, साठावर. ती ८० ते १२० पीपीएममध्ये (दहा लाखांत इतके भाग) लागते. नाहीतर पीएच झोपाळ्यावर बसल्यासारखा खाली-वर होतो. नव्वदवर आणायला दीड किलोहून जरा जास्त खाण्याचा सोडा लागतो. गावातल्या दुकानात पुडे मोजून घेतले तर दुकानदार म्हणाला, “टीचर, ढोकळ्याची ऑर्डर घेतली काय?” पीएच ७.२ ते ७.८ च्या मध्ये, क्लोरीन १ ते ३ पीपीएम. पीएच दाखवणाऱ्या फिनॉल रेडचा तो नारिंगी-लाल रंग परखनळीत उतरला की मला अजून बरं वाटतं, काय करणार.

याच सुमारास झालेली एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण हिच्यासाठी मी एक स्टार पूर्ण कापलाय. टेक्निशियनने ब्लीचिंग पावडर घेतलेल्याच ओल्या मगमध्ये टीसीसीएची, म्हणजे दुसऱ्या जातीच्या क्लोरीनची, पूड ओतली. मगमधून सूं आवाज आला, पिवळट वाफ आली आणि नाकाडोळ्यांत झोंबली. मी पस्तीस पोरांच्या वर्गावर ओरडायचे तशी ओरडले, त्याने मग वाडीच्या मोकळ्या टोकाला फेकला. बिचारा घाबरून म्हणाला, “दोन्ही क्लोरीनच ना, मॅडम?” दोन्ही क्लोरीनच. पण ही दोन एकत्र आली की विषारी वायू येतो, स्फोटही होऊ शकतो. हे त्या पोराला कोणी सांगितलंच नव्हतं. हातमोजे नव्हते, चष्मा नव्हता. दोष त्याचा नाही. मी दोन वेगळ्या रंगांचे मग आणून दिले आणि डब्यांवर मार्करने मराठीत आणि हिंदीत लिहून ठेवलं. त्याच्या ऑफिसला फोन केला तर ‘नोट करून घेतो’.

३० एप्रिलला, अक्षय्य तृतीयेला, हे पाण्यात उतरले. एक महिना उशीर. एक हात कठड्यावर, दुसरा माझ्या खांद्यावर, चोवीस फूट जायला त्यांना चार मिनिटं लागली. मिस्त्री त्या दिवशी हिशेबाला आला होता. त्याने पाण्याकडे बघितलंच नाही; वाकून पाण्याच्या रेषेखालच्या कोपऱ्यातल्या तुकड्यांवर बोट फिरवलं, मान हलवली आणि चहा घेऊन गेला.

आम्हाला वाटलं, आता जून मध्यापर्यंत निवांत. तर २६ मेलाच मान्सून मुंबईत हजर, नेहमीची तारीख ११ जून असताना. आणि पहिल्याच पावसात कळलं की कोपिंगचा उतार पूलच्या दिशेने आहे. बाहेरच्या बाजूला हवा, वाडीकडे, तो आत. अख्ख्या अंगणाची लाल माती ओघळून निळ्या पूलमध्ये. जमिनीवर ओळंबा आणि लेव्हल पाइप घेऊन सहा महिने वावरलेल्या लोकांना हे दिसलं नाही? मलाही नाही दिसलं, कारण मी आतून नाणं वाजवण्यात दंग. बाहेरून बादलीभर पाणी ओतून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. कंपनीने आधी ‘पाऊस तिरका होता’ असं सांगितलं. हे मी बनवून सांगत नाही. शेवटी जुलैत चर काढून जाळी बसवली, आणि निम्मं बिल ‘एक्स्ट्रा’ म्हणून पाठवलं. दिलेलं नाही.

जुलैतच टेक्निशियन म्हणाला, माती फार आहे, पूल रिकामा करून धुऊन काढू. तेव्हा आमच्या विहिरीचं पाणी काठावरून हाताने घेता येईल इतकं वर आलेलं. जमिनीत चहूबाजूंनी पाणी असताना रिकामा पूल म्हणजे होडी. खालून रेटा आला की तळ तडकतो, अख्खा पूल उचलला जाऊ शकतो. आतलं ३२ टन पाणीच त्याला दाबून ठेवतं. मेन ड्रेनमध्ये यासाठी बाहेरचं पाणी आत घेऊन रेटा कमी करणारा एक व्हॉल्व्ह बसवतात, आमच्याकडे बसवलाय की नाही हे कंपनीला ड्रॉइंग बघूनही सांगता येईना. मिस्त्रीला फोन केला. त्याच्या मोबाइलमध्ये जानेवारीतला फोटो होता, व्हॉल्व्ह दिसत होता. तरीही रिकामा करू दिला नाही. पुन्हा तुरटी, पुन्हा व्हॅक्यूम.

आता सहा महिने झाले. पंप रोज सहा तास चालतो, वीजबिल बोचतं पण सोसतं. गेजवर प्रेशर नेहमीपेक्षा आठ-दहा पीएसआय वर गेलं की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं. तीन मिनिटांत चारशे लिटर जातं, म्हणून टेक्निशियनसारखं दर मंगळवारी सवयीने करत नाही. उन्हाळ्यात उडणाऱ्या पाण्याची भर टँकरने, विहिरीला हात नाही. टीसीसीएच्या गोळ्यांनी पीएच उतरतो, तो मी बघते. मेंटेनन्सवाला महिन्यातून चारदा यायचा करार आहे, दोनदा येतो. हे मात्र रोज सकाळी वीस फेऱ्या चालतात, आणि चार मिनिटांची फेरी आता दीड मिनिटाची झालीय.

मग स्टार. आरसीसी आणि वॉटरप्रूफिंग: चार, एक थेंबासाठी कापला. टाइल: पाच. पाणी भरणं आणि पहिलं औषध: दोन, त्यातला एक टेक्निशियनला, कारण चूक दाखवल्यावर तो ऐकतो. कोपिंग: एक. फोन उचलणं: हप्ता देय असेपर्यंत पाच, नंतर दीड. सगळं मिळून तीन.

सुपरवायझरसाहेब, तुम्ही हे वाचालच. दहा टक्के सूट ठेवा तुमच्याकडे. फेब्रुवारीत कबूल केलेलं ते दहा वर्षांचं वॉरंटी कार्ड अजून आलेलं नाही. ते घेऊन या, चौथ्या स्टारचं बघू.